बुडातून काप

पहिल्यांदा साहेब मला म्हणाले, "टॉप किया तुमने," तेव्हा मी लगेच "थँक यू, सर" म्हणालो.

माझ्या माहितीत टॉपचा एकच अर्थ होता. मॅट्रिकला मी शाळेत टॉप आलो होतो. मग आमच्या गावाहून, एकोडीहून, निघून कॉलेजात गेलो, बी.एस्सी. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यामुळे टॉप म्हटलं की छाती फुगायची सवय होती. साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि समोर बोट दाखवलं. माझा चेंडू वीस पावलांवर गवतात बसला होता. तो हवेत गेलाच नव्हता. जमिनीवरून सरपटत गेला होता आणि दमून थांबला होता.

गोल्फमध्ये टॉप लागणं म्हणजे हे. काठीचं खालचं लोखंडी पातं चेंडूच्या पोटाशी लागायला पाहिजे, म्हणजे चेंडू उडतो. ते जर त्याच्या डोक्याला लागलं, तर चेंडू दबतो आणि घरंगळत सुटतो. दिसायला फार वाईट दिसतं. मारणारा काठी खांद्यावर घेऊन आभाळात पाहत असतो आणि चेंडू त्याच्या पायांपुढून उंदरासारखा पळत असतो.

सत्तरच्या दशकातले शेवटचे दिवस होते. मी भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो होतो. कारखान्याच्या वसाहतीत अधिकाऱ्यांसाठी नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान होतं. फार भारी काही नव्हतं. खड्ड्याभोवती जिथे मऊ हिरवळ असायला पाहिजे तिथे वाळूचे गोल होते, वाळू उडू नये म्हणून त्यावर जळकं ऑइल टाकत. पण पहिल्याच खड्ड्याच्या वाटेत एक बोडी होती. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, धानाला पाणी द्यायला खोदलेला. कारखाना आला, शेतं गेली, बोडी मात्र राहिली. साहेब लोकांनी तिला खेळात घेतलं.

एके दिवशी फळ्यावर नोटीस लागली की आता कर्मचाऱ्यांनाही मैदानावर खेळता येईल. अट एकच. क्लबचे सेक्रेटरी असलेल्या साहेबांसमोर तीन चेंडू मारायचे, त्यातला एक तरी बोडीपलीकडे कोरड्या जमिनीवर पडला पाहिजे. नाही पडला तर पुढच्या वर्षी या. ही अट आम्हाला अडवायला केली होती असं मी म्हणणार नाही. नवीन अधिकाऱ्यांनाही तीच होती. नाहीतर शिकाऊ माणूस बोडीत चेंडू घालत बसतो आणि मागचे सगळे खोळंबतात.

अर्ज करणारा मी एकटा निघालो. माझ्या सेक्शनमधले म्हणायचे, "का गा, एकोडीचे साहेब, आता टोपी कवा घेता?" मी म्हणायचो, "पयले चेंडू तं उडू द्या." आतून मात्र मला ते पाहिजेच होतं. फुकट चहा मिळतो म्हणून नव्हे. शिकून आलेला माणूस फाटकापर्यंतच येतो, आत त्याचं काम नसतं, असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी.

क्लबने मला सात नंबरची एक जुनी काठी आणि सहा चेंडू दिले. रोज ड्युटी सुटली की मी बोडीच्या अलीकडच्या काठाला जायचो आणि सहाच्या सहा चेंडू सरपटवायचो. साहेब फिरायला निघाले की थांबून पाहायचे. "सर उठा रहे हो," म्हणायचे. म्हणजे डोकं वर करतोस. माणूस चांगला होता, पण त्यांचं औषध तेवढं एकच होतं.

मी वाचनालयातून गोल्फचं इंग्रजी पुस्तक आणलं. पुस्तकावर माझा भरवसा जुना. त्यातही तेच होतं, डोकं स्थिर ठेवा. मग मी हनुवटी छातीला अशी दाबून धरली की मान आखडली. डोकं हललं नाही. चेंडूही उडला नाही. पंधरा दिवसांत सहापैकी चार चेंडू बोडीत नाहीतर गवतात हरवले आणि उरलेल्या दोन्हींवर चंद्रकोरीसारखे चिरे पडले.

मैदानाच्या कडेचं उंच गवत कापायला शहापूरची एक बाई यायची. पन्नाशीची असेल. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला विळा. गवत कापायचं आणि भारा आपल्या म्हशींना घेऊन जायचा, असा तिचा आणि क्लबचा जुना रिवाज होता. कापताना हरवलेले चेंडू सापडले की ती ते खेळ सुरू होतो तिथल्या सपाट दगडावर ओळीनं मांडून ठेवायची. साहेब लोक येऊन आपापले ओळखून उचलायचे. कोणी तिच्याशी बोलायचं नाही, तीही कोणाशी नाही.

एका संध्याकाळी त्या दगडावर दोन ढीग दिसले. एक मोठा आणि एक लहान. लहान ढिगातले तीनही चेंडू चिरलेले.

"हे तुये व्हय ना गा, बापू?" ती गवतातूनच म्हणाली. मान वर न करता.

माझेच होते. कोरड्या बाजूला कुठेतरी पळून गेलेले, आधीच्या आठवड्यातले. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"मले तुमी नोको म्हणू. मी का साहेबीन आहो?" तिनं भारा बाजूला ठेवला आणि एक चेंडू हातात घेतला. "हे पाय. साहेब लोकायच्या चेंडूले पातं घासते. मैल लागते, पण अंग फाटत नाई. तुया चेंडूले धार लागून राहिली. धार कवा लागते? माणूस उठला तवा."

"मी डोकं उठवत नाही, मावशी. पक्कं धरतो."

"डोक्याचं कोण म्हणते? कंबर उठते तुयी. चेंडूजवळ आला का तू उभा होतेस. मी रोज पाहून राहिलो ना."

आमच्याकडे बाया अशाच बोलतात, मी पाहून राहिलो, मी जातो. तिनं विळा घेतला, वाकली आणि एक मूठ गवत जमिनीला लागून कापलं. मग मुद्दाम कंबर सरळ करत दुसरी मूठ कापली. वरचे तुरे तेवढे हातात आले, खालचं गवत तसंच उभं.

"हा तुया फटका," ती म्हणाली. "शेंडा कापतेस तू. बुडातून काप."

पंधरा दिवस मी जे पुस्तकात शोधत होतो ते तिनं दोन मुठी गवतात दाखवलं. तरी मला आधी रागच आला, हे खरं सांगतो. मी पदवीधर, ही गवत कापणारी. मग तिनं विचारलं, "कोन्या गावचा तू?"

"एकोडी."

"साकोलीकडची? धानाचं गाव. मंग तुले कापणी नाई येत?"

"नाही येत. बाबानं कधी विळा हाती धरू दिला नाही."

ती हसली. वाईट नाही हसली. "मंग दिवाळीले जाशीन तवा शिकून ये. बुड सापडलं का चेंडू कोठी जाते?"

साहेबांनी माझी परीक्षा दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी ठेवली होती. दिवाळीला मी चार दिवस घरी गेलो. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान त्याच सुमारास कापायला येतो. तलावाखालच्या आमच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, पिवळ्या झाल्या होत्या आणि बाबा पहाटेच निघायचा. पहिल्याच दिवशी मी अंगणात त्याला म्हणालो, "बाबा, मले एक इळा दे."

बाबानं माझ्याकडे पाहिलं. "काहून? नोकरी गेली का?"

"नाई गा. कापणी शिकाची हाय."

"कायले?"

मी सांगितलं. बोडी आहे, चेंडू आहे, बोडीपलीकडे मारायचा आहे. बाबानं सगळं नीट ऐकून घेतलं. तो कधी कोणाचं बोलणं अर्ध्यावर तोडत नसे. मग म्हणाला, "हातानं फेक ना. लहानपणी तलावात गोटे फेकत होतास, चांगला हात होता तुया."

आई चुलीजवळ तोंडाला पदर लावून हसत होती. पण बाबा हसला नाही. तो ओसरीवर बसला आणि बराच वेळ विळ्याच्या दांड्यावरची माती नखानं काढत राहिला.

"तुले वाका लागू नये म्हणून शिकवलं, बाप्पा," तो म्हणाला. "बस, एवढ्यासाठीच शिकवलं."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कापणीच्या दिवसांत गावातली माझ्या वयाची सगळी पोरं बांधीत असायची आणि मी बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली पुस्तक घेऊन असायचो. कोणी बोललं की, पोराला सावलीत बसवलं आणि आपण उन्हात, तर बाबा म्हणायचा, त्याचं काम ते, माझं काम हे. ताठ बस, पोक काढू नको, हे त्यानं मला जितक्या वेळा सांगितलं तितकं दुसरं काही सांगितलं नसेल. मी ताठ बसायला शिकलो. तो पन्नाशीच्या आतच कमरेत वाकला. आणि आता वसाहतीतल्या मैदानावर फटक्याच्या वेळी मी ताठ होत होतो, हा काही माझा दोष नव्हता. ती त्याची मेहनत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःचा विळा मला दिला आणि आपण जुना घेतला.

कापणीत प्रत्येकाला एक पट्टा मिळतो, त्याला पात म्हणतात. पात धरली की संपेपर्यंत उठायचं नाही, वाकलेल्या कमरेनंच पुढे सरकायचं. मी दहा हात गेलो असेन. मागे बाबा थांबला होता.

"मागं पाय," तो म्हणाला.

मागे धान उभाच होता. लोंब्या तेवढ्या गेल्या होत्या.

"बकरी चरून गेल्यावानी दिसते," बाबा म्हणाला. शेजारच्या बांधीतल्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "बी.एस्सी.चा कडपा पाहून घ्या वो." कडपा म्हणजे कापून आडवा टाकलेला धान. माझ्या कडप्यात लोंब्या होत्या आणि तणस, म्हणजे खालचा पेंढा, नव्हतं.

बाबा माझ्याबरोबर वाकला. मी माझ्या बापाला काम करताना इतक्या जवळून तोवर पाहिलं नव्हतं, ही लाजेची गोष्ट आहे पण खरी आहे. बांधावरून पाहिलं की वाटतं, माणूस नुसता वाकून ओढतो आहे. जवळून वेगळं दिसतं. डावा हात बुंधा धरायचा, उजवा हात जमिनीला लागून यायचा, अंगाचा भार पुढच्या पायावर जायचा आणि पाठ एका उंचीवर राहायची. दुपारपर्यंत त्या उंचीत बोटभर फरक पडला नाही. डोक्यावर पाण्याचा तांब्या ठेवला असता तर राहिला असता.

"तू पाहाले उठतेस," तो म्हणाला. "कापलं का नाई, हे पाहाले. पाहाचं नाई. आयकाचं."

"काय आयकाचं?"

"बुडाचा आवाज येगळा रायते."

खरंच वेगळा असतो. शेंडा कापला की नुसतं सुर्र होतं. बुडातून कापलं की ओला, भरलेला आवाज येतो. तिसऱ्या दिवशी मला तो ओळखू यायला लागला. चौथ्या दिवशी मी एक पात पूर्ण केली. बाबाच्या तीन झाल्या होत्या. बसस्टॉपवर मला सोडायला आला तेव्हा मला सरळ उभं राहता येत नव्हतं आणि त्याला त्याचं फार हसू येत होतं. पण मागे वळून त्यानं एका ओळखीच्या माणसाला सांगितलेलं मी ऐकलं, "पोरानं एक पात काहाडली. साफ."

परत आल्यावर मावशीनं माझा फटका पाहिला आणि चेंडूच्या चार बोटं पुढे गवताचा एक झुबका दाखवला.

"चेंडूले सोड," ती म्हणाली. "तो वाटेतला हाय. तुले ते पुढचं गवत कापाचं हाय."

मी चेंडूला सोडलं. वाकलो, वाकलेलाच राहिलो, भार पुढच्या पायावर घेतला आणि तो झुबका उडवला. ओला आवाज झाला. मी पाहायला उठलो नाही. मावशीच म्हणाली, "गेला." तेव्हा मी वर पाहिलं. चेंडू बोडीवरून निघाला होता. पलीकडच्या काठाला लागून पाण्यात पडला, पण हवेतून पडला. जगात याहून चांगली गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती. पदवीचा कागदसुद्धा धरून.

आठवडाभर मी झुबके उडवले. दहातले सहा उडायचे, चार सरपटायचे.

रविवारी सकाळी साहेब आले, बरोबर दोन अधिकारी. मावशी दहा-बारा पावलांवर गवत कापत होती. मी पहिला चेंडू ठेवला आणि मारला. तीन माणसं पाहत आहेत हे कमरेला कळलं असावं, ती उठली. चेंडू सरपटत जाऊन बोडीत शिरला. दुसऱ्या वेळी मी इतका वाकलो की काठी चेंडूमागेच जमिनीत रुतली. माती उडाली, चेंडू जागेवर.

"आखिरी," साहेब म्हणाले.

मी तिसरा चेंडू ठेवला. त्याच्या पुढे गवताचा झुबका शोधला. आजूबाजूला सगळं शांत होतं, फक्त मावशीचा विळा चालला होता, एकसारखा, बुडाचा आवाज करत. मी त्या आवाजाच्या लयीत काठी उचलली आणि तिच्याच लयीत खाली आणली. आवाज झाला. मी वर पाहिलं नाही. साहेबांचे बूट दिसत होते, ते बोडीच्या दिशेनं वळले.

"गया," साहेब म्हणाले. पलीकडच्या काठावर, पाण्यापासून हातभर अंतरावर, पण कोरड्यात. त्यांनी माझा हात हातात घेतला. "शाबास. टॉपिंग किसने ठीक किया?"

आणि मी म्हणालो, "किताब पढ़के, सर."

तोंडातून तसंच आलं. साहेब खूश झाले, अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, पढ़ा-लिखा आदमी है. ते निघून गेले. विळ्याचा आवाज थांबला होता. मी दगडावरचे माझे चेंडू गोळा करत होतो तेव्हा मावशी भारा बांधता बांधता म्हणाली, "का गा बापू, पुस्तकात इळा रायते का?"

तिचा राग नव्हता. ती थट्टाच करत होती. म्हणूनच मला जास्त लागलं. मी फक्त तिचं नाव गाळलं नव्हतं. ज्यानं मला स्वतःचा चांगला विळा देऊन जुना घेतला, त्यालाही गाळलं होतं. आत येताना फाटकाबाहेर दोघांना उभं करून आलो होतो. मी फटका मारायला वाकलो होतो, पण खरं बोलायच्या वेळी ताठ झालो. तिथेही शेंडाच कापला.

पुढच्या रविवारी मी सभासद म्हणून पहिल्यांदा साहेबांबरोबर खेळायला उभा राहिलो. मावशी कडेला गवत कापत होती. त्यांचा पहिला चेंडू बोडीत गेला. दुसराही. दोन्ही सरपटत. असे दिवस सगळ्यांना येतात. ते वैतागून माझ्याकडे वळले. "वो किताब कौन सी थी?"

"किताब नहीं थी, सर," मी म्हणालो. "मैंने झूठ कहा था. इस मौसी ने सिखाया. और मेरे पिताजी ने. हम लोग धान काटते हैं, सर. मुझे आता नहीं था, तो सीखके आया."

मी मावशीकडे बोट केलं नाही, तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. मला वाटलं, आता सभासदत्व जाणार. मग साहेबांनी काठी दगडाला टेकवली, टोपी काढून काठीवर अडकवली आणि गवतात आले.

"मौसी, हमको भी बताओ."

मावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या कडक इस्त्रीच्या पँटकडे. लुगड्याला पुसून विळा त्यांच्या हाती दिला. साहेब वाकले. एक मूठ धरली, ओढली आणि तुरे हातात घेऊन सरळ झाले.

"सांग गा, बापू," मावशी मला म्हणाली. "तुये साहेब हायेत."

"टॉप किया, सर," मी म्हणालो.

साहेब हसले आणि पुन्हा वाकले. या वेळी विळा बराच खाली आला. पण ओढता ओढता त्यांची कंबर हळूच वर यायला लागली, काय कापलं गेलं ते पाहायला.

"पाहू नका, साहेब," मावशी म्हणाली. "आयका."